खंडेनवमीचे गेज

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत 'दारणाई प्रिसिजन' नावाचा एक लहान कारखाना आहे. त्याच्या मागच्या अंगाला काचेची एक खोली आहे. बाहेर वैशाख असो की पौष, त्या खोलीत वीस अंशांचे तापमान राखलेले असते आणि आत जाण्यापूर्वी पादत्राणे दाराशी काढून ठेवावी लागतात. झुंबरनाना गेली सहा वर्षे त्या खोलीत बसत आले होते. पादत्राणे काढताना आपण कारखान्याचा नियम पाळतो आहोत असे त्यांना कधी वाटले नाही. देवळाच्या पायरीशी माणूस जे न सांगता करतो, तेच ते रोज सकाळी आठ वाजता करीत.

नाना तपासणीस होते. एका सरकारी कारखान्यात बत्तीस वर्षे मोजमापाचे काम करून ते निवृत्त झाले आणि मालक खंडेराव यांनी त्यांना सन्मानाने इथे आणले. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक नग त्यांच्या हाताखालून जाई. तो मापात बसला, तर ते त्यावर लहानशा पोलादी ठशाने सात हा आकडा उमटवीत. सात हा नानांचा शिक्का. तो उमटला की त्या नगाबद्दल पुन्हा कोणी प्रश्न विचारीत नसे.

खंडेरावांच्या वडिलांच्या हयातीत या कारखान्यात पाण्याच्या पंपांचे आणि दुचाकींचे सुटे भाग होत. खंडेरावांनी मात्र मनात वेगळेच योजिले होते. तोफा परदेशातून आणायच्या आणि ऐन वेळी एका सुट्या भागासाठी त्या देशाच्या तोंडाकडे पाहत बसायचे, ही गोष्ट त्यांना फार लागे. दोन वर्षे त्यांनी अर्ज केले, नमुने पाठविले, ते नाकारले गेले, पुन्हा पाठविले. अखेर तोफगोळ्याच्या अग्रावर त्याला फोडणारा जो फ्यूज बसतो, त्याच्या एका भागाचे काम त्यांना मिळाले. आजवर तो भाग समुद्रापलीकडून येत असे. मुठीत मावेल एवढी ती वस्तू. तिच्या मधोमध एक छिद्र आणि त्या छिद्रातून एक बारीक खीळ सरकणार. छिद्र यत्किंचित अरुंद राहिले, तर खीळ अडकते आणि गोळा फुटायच्या जागी फुटत नाही. मातीत मुका पडून राहतो आणि पुढे केव्हातरी कोणाच्या तरी पायाखाली बोलतो.

ते छिद्र तपासण्यासाठी नानांजवळ एक गेज होते. बोटभर लांबीची पोलादी दांडी, दोन्ही टोके आरशासारखी गुळगुळीत. एक टोक छिद्रात गेलेच पाहिजे. दुसरे, किंचित जाड, जाताच कामा नये. कारखान्यात त्या टोकांना 'गो' आणि 'नो-गो' म्हणत. निळ्या मखमलीच्या पेटीत ते निजलेले असे. नाना हातमोजे चढवूनच ते उचलीत.

दरवर्षी खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होई. यंत्रांना झेंडूच्या माळा, पाटावर नट फिरवायचे पाने, हातोड्या, कानशी मांडलेल्या, प्रत्येकावर हळदीकुंकवाचे बोट. गेजची पेटी मिटलेलीच राही आणि तिच्या झाकणावर एक फूल ठेवले जाई. यंदा मात्र देशाच्या तोफेचे काम घरात आले होते. नानांचे मन भरून आले. त्यांनी आपल्या हाताने पेटी उघडली, गेज पाटाच्या मधोमध, तांदळाच्या राशीवर ठेवले आणि त्याला कुंकू वाहिले. "आज देवाला कोंडून ठेवायचं नाही," असे ते म्हणाले, आणि खंडेरावांनी नारळ फोडला.

दसरा सरला, दिवाळीही सरली. तीनशे नगांचा पहिला लॉट नानांच्या शिक्क्यानिशी दिवाळीच्या आधीच रवाना झाला होता. देवळाली कॅम्प ओलांडून पुढे, जिथे फ्यूजची जोडणी होते, तिथे तो पोहोचलाही होता. येत्या शुक्रवारी त्याची प्रत्यक्ष गोळीबारात चाचणी व्हायची होती.

मंगळवारी सकाळी लेथ यंत्रावरचा गोरक्ष काचेच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"चप्पल काढलीय बरं का नाना. आता तरी दर्शन द्या."

"ये. काय ते लवकर बोल."

गोरक्षने तांबड्या ट्रेमधला एक नग उचलून नानांपुढे धरला. "हा का फेकला?"

"नो-गो आत गेलं. भोक मोठं आहे."

"मोठं? अहो, मी तीनदा मोजलंय, बोअरगेज लावून. हद्दीत आहे. दसऱ्यापासून तुमचं हे नो-गो जिथं तिथं घुसायला लागलंय. सासुरवाडीला आलेला जावईसुद्धा इतका सरळ माजघरात जात नाही!"

"जिभेपेक्षा मशीन आवर."

"आवरलं की! तुम्ही ओरडत होतात म्हणून दिवाळीआधीच भोक बारीक करून घेतलं. अख्खा लॉट तसाच काढला. आणखी किती बारीक करू? मग सुईदेखील जायची नाही आत."

"गेज खोटं बोलत नाही, गोरक्ष."

"मग मी बोलतो म्हणा," असे म्हणून, चपला पायात न घालता हातातच घेऊन, तो फणकाऱ्याने निघून गेला.

नाना पुन्हा कामाला बसले. पण एक नग उचलावा, ठेवावा, पुन्हा तोच उचलावा, असे होऊ लागले. गोरक्ष चहाटळ होता, तोंडाचा फाटका होता, पण मोजण्यात तो कधी चुकला नव्हता. 'बारीक करून घेतलं' हे त्याचे शब्द नानांच्या मनात कुसळासारखे रुतले. त्यांनी चष्मा पुसला. खुर्ची मागे सारली, पुढे ओढली. दूर देवळालीच्या मैदानावर सराव चालू होता. तोफेचा एक आवाज आला आणि खोलीची काच बारीकशी थरथरली. तो आवाज इथे रोजचाच. आज मात्र दुसरा आवाज केव्हा येतो याची आपण वाट पाहत आहोत, हे नानांच्या ध्यानात आले.

शेवटी त्यांनी भिंग घेतले आणि गेज प्रकाशात धरले.

गेजच्या अंगावर जन्मतःच काही सूक्ष्म रेषा असतात, पण त्या वर्तुळाकार, दांडीभोवती फिरणाऱ्या. या रेषा आडव्या नव्हत्या. टोकापासून मुळापर्यंत, उभ्या, केसांसारख्या, कोणीतरी मायेने भांडे घासावे तशा त्या धावत होत्या.

वीस अंशांच्या त्या खोलीत त्यांना प्रथमच उकडले.

मागच्या पडवीत नवसाबाई चहाची भांडी विसळीत होत्या. मखमलाबादला त्यांच्या भावाचा फुलांचा मळा. पूजेचा झेंडू त्याच आणीत, आणि झाडलोटीपासून समईच्या वातीपर्यंत सारे काही त्याच पाहत.

"नवसाबाई, पूजेनंतर गेजला कोणी हात लावला होता?"

"अवं नाना, म्याच की!" त्यांचा चेहरा उजळला. "दुसऱ्या दिशी उचलाया गेले, तर कुकवाचं पानी वाळून लाल डाग पडल्याला. म्हनलं, देवाचं हत्यार, असं कसं ठिवायचं? चिचंनं घासलं, निघंना. मग गोरक्षच्या टेबलावरचा त्यो घासायचा काळा कागद घेतला, झिरोचा, आन् दोन्ही टोकं लय मन लावून घासली. कसं लखलखलं! तुमीच नाय का म्हनलात, नवसाबाई, यंदा गेज प्रसन्न दिसतंय म्हनून?"

नाना म्हणाले होते. ती सकाळ त्यांना लख्ख आठवली. पेटी उघडताच आतून जे तेज आले, ते पाहून त्यांनी हात जोडले होते.

"का वो? काय चुकलं का?"

"तुमचं नाही," एवढेच बोलून नाना खोलीत परतले. पादत्राणे काढण्याचे त्या दिवशी ते विसरले.

त्यांनी मायक्रोमीटर लावून गेजची दोन्ही टोके पाच पाच वेळा मोजली. नो-गो पाच मायक्रॉनने झिजले होते, गो सहाने. माणसाच्या डोक्यावरचा एक केस घ्यावा, त्याचे उभे बारा भाग करावेत, त्यांतला एक भाग, एवढेच. पण एवढ्याने सारा न्याय उलटला होता. झिजलेले नो-गो चांगल्या नगांत शिरत होते, म्हणून नाना ते फेकीत होते. नाना फेकतात म्हणून गोरक्षने छिद्रे अरुंद केली. आणि अरुंद झालेल्या छिद्रांत झिजलेले गो सहज जात होते, म्हणून नाना त्यांवर सात उमटवीत होते. तीनशे वेळा त्यांनी तो आकडा उमटविला होता.

दुपारी खंडेरावांच्या खोलीत ते उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. सारे सांगून झाल्यावर खंडेरावांनी गेजची पेटी हातात घेतली आणि तिच्यावर चिकटवलेला प्रमाणपत्राचा कागद वाचला.

"यावर तर मार्चअखेरपर्यंत वैध लिहिलंय, नाना."

"कागदाला कुठे ठाऊक आहे, गेजला कोणी घासलं ते?"

"नक्की किती नग वाईट असतील?"

"सांगता येत नाही. पन्नास असतील. कदाचित एकही नसेल."

"एकही नसेल!" खंडेराव त्या शब्दाला लोंबकळले. "मग? शुक्रवारी चाचणी आहे. तिथे पास झाले की प्रश्नच मिटला."

"चाचणीत बारा गोळे उडवतात. उरलेले तोफेबरोबर जातात."

खंडेराव उठून खिडकीशी गेले. "कळवायचं म्हटलं तर लिहायचं काय? पूजा केली म्हणून गेज झिजलं? नाना, दोन वर्षं मी त्या कार्यालयांतून फिरलोय. बाहेरच्या कंपन्यांची माणसं तिथे टाय लावून बसलेली असतात. यांना काय जमणार, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं मी रोज वाचलंय. आता म्हणतील, पाहा, हे तोफेचे भाग करतात आणि मापाला हळदीकुंकू लावतात! माझं सोडा. उद्या आपल्यासारखा दुसरा कोणी अंबडहून, सातपूरहून गेला, तर त्यालाही हसतील."

या बोलण्यात खोटे काही नव्हते आणि नानांना त्याचाच अधिक त्रास झाला.

"मग असं करू," खंडेराव वळले. "अकुशल कामगाराकडून उपकरण हाताळण्यात चूक, असं लिहू. नवसाबाईंना महिनाभर घरी बसवू. नंतर घेऊ परत. त्यांना कळणारही नाही कशासाठी ते."

"पेटी मी उघडली, खंडेराव. त्यांनी नाही."

"तुमच्या बत्तीस वर्षांवर डाग लागेल."

"लागलाच आहे. तो चिंचेने निघायचा नाही."

दूर तोफ वाजली. टेबलावरच्या पेल्यातले पाणी हलले. दोघांनीही ते पाहिले आणि दोघांनीही पाहिले नाही असे दाखविले.

"त्या नगांबद्दल मला काही ठाऊक नाही," नाना हळू आवाजात म्हणाले, "आणि त्यांच्यावर माझा शिक्का आहे. तो सांगतो आहे की मला ठाऊक आहे. उद्या त्यांची जोडणी सुरू होईल. एकदा फ्यूजमध्ये बसले की ते उघडून पाहता येणार नाहीत."

"उद्या सकाळपर्यंत थांबा. मला विचार करू द्या."

नाना थांबले. त्यांनी जोडणीच्या कारखान्यात द्यायचे पत्र लिहिले, फाडले, पुन्हा लिहिले. पहिल्या मसुद्यात 'धार्मिक विधीप्रसंगी' असा शब्द पडला होता. तो वाचून त्यांनाच लाज वाटली, कारण तो शब्द अंग चोरीत होता. दुसऱ्या पत्रात त्यांनी सरळ लिहिले: 'खंडेनवमीच्या पूजेसाठी मी गेज पेटीबाहेर काढले.'

बुधवारी सकाळी आठ वाजले, नऊ वाजले, खंडेराव आले नाहीत. त्यांचा फोन लागेना. गोरक्षने यंत्र बंद ठेवले होते. त्याला कोणी काही सांगितले नव्हते, तरी त्याला कळले होते. सव्वानऊला नानांनी पत्र खिशात घातले, नवसाबाईंनी घासलेले गेज पेटीसह पिशवीत ठेवले आणि सातचा ठसा रुमालात बांधला.

"नाना, मी येऊ का सोबत?" गोरक्षने विचारले. "गाडी आहे माझी. वाऱ्यासारखा नेतो."

"नको. तुझ्या गाडीवर बसून पोहोचलो, तर पत्र द्यायला हात ताळ्यावर राहायचे नाहीत."

"काल मी जरा जास्तच बोललो."

"जरा आधी बोलायला हवं होतंस. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी."

बस नाशिकरोडवरून देवळाली कॅम्पकडे निघाली, तेव्हा नानांना प्रत्येक थांबा अकारण लांबलेला वाटू लागला. कॅम्पच्या बाजारात भाजी घेणाऱ्या सैनिकांच्या बायका, शाळेची पिवळी गाडी, इस्त्रीच्या दुकानाबाहेर टांगलेले हिरवे गणवेश. चालकाने चहासाठी बस थांबविली, तेव्हा नाना उतरून उभे राहिले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले. आता जोडणी सुरू झाली असेल. पहिला नग बसला असेल. दुसरा. त्यांच्या हातांना गणतीची सवय होती, बोटे आपोआप हलत होती.

जोडणीच्या कारखान्याच्या फाटकापाशी, कडुनिंबाखाली, खंडेरावांची गाडी उभी होती. काचा वर होत्या. आत खंडेराव दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते.

नानांनी काचेवर टकटक केली.

"साडेसातपासून बसलोय इथे," काच खाली करून खंडेराव म्हणाले. त्यांचे डोळे तांबारले होते. "फाटकापर्यंत दोनदा गेलो. आत जायला पाय उचलेना. काय सांगू, कसं सांगू, काही सुचेना. जोडणी अकरा वाजता सुरू होणार आहे, एवढं मात्र विचारून ठेवलं."

"पत्र आणलंय मी."

"त्यात 'पूजा' हा शब्द आहे?"

"आहे."

खंडेरावांनी पत्र घेतले, वाचले, आणि बॉनेटवर ठेवून नानांच्या सहीखाली आपली सही केली. मग गाडीला कुलूप लावले आणि दोघे बरोबर चालू लागले.

सरकारच्या वतीने मालाची गुणवत्ता पाहणाऱ्या अधिकारी बाईंचे नाव प्रतिभा. पस्तिशीच्या, कापलेले केस, टेबलावर चहाऐवजी कोमट पाणी. त्यांनी पत्र वाचले. मागे उभ्या असलेल्या सहायकाने खांद्यावरून डोकावून वाचले आणि पूजेच्या ओळीपाशी त्याच्या ओठांवर हसू आले. बाईंनी मान न वळवता त्याला सांगितले, "अकराची जोडणी थांबवा. तीनशेचा लॉट जसा आहे तसा इथे आणा. आत्ता." तो गेला.

"पेटी कोणी उघडली?"

"मी."

"घासलं कोणी?"

"बाई, ते माझ्यामुळे बाहेर आलं, म्हणून घासलं गेलं. माझंच नाव..."

"मी विचारलं तेवढं सांगा."

"नवसाबाई. आमच्याकडे झाडलोट करतात. गेज म्हणजे काय, ते घासायचं का नसतं, हे सहा वर्षांत मी त्यांना एकदाही सांगितलं नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं की मी त्याला फार जपतो."

बाईंनी ते लिहून घेतले. "शुक्रवारची चाचणी होणार नाही," त्या खंडेरावांना म्हणाल्या. "ऑर्डरचं काय ते वर ठरेल. मी तुम्हाला आज धीरही देणार नाही आणि भीतीही घालणार नाही. नाना, तुमचा शिक्का."

नानांनी रुमालाची गाठ सोडली. त्यांनी ठसा टेबलावर ठेवला. बाईंनी ठसा लिफाफ्यात घालून वर तारीख लिहिली.

पेट्या आल्या. बाईंनी आपल्या कपाटातून स्वतःचे गेज काढले, काळ्या पेटीतले, आणि नानांपुढे सरकविले. "मोजा. मी पाहते. शिक्का मारायचा नाही, नुसतं मोजायचं."

नानांनी सवयीने खाली वाकून पादत्राणे काढली. सहायक पुन्हा हसला असेल, त्यांनी पाहिले नाही. हातमोजे चढविले. भिंतीशी खंडेराव उभे होते, हातांची घडी घालून, मग सोडून, मग पुन्हा घालून.

पहिल्या नगात गो अलगद उतरले. दुसऱ्यात उतरले. तिसऱ्यात, चौथ्यात. खंडेरावांनी दीर्घ श्वास घेतला तो नानांना पाठीमागून ऐकू आला. पाचवा. सहावा. 'एकही नसेल' हे शब्द त्यांच्याही मनात एकदा डोकावून गेले, आणि त्यांनी ते तिथेच दाबले.

सातव्या नगाच्या तोंडाशी गेज थांबले. नानांनी जोर केला नाही. गेजवर कधी जोर करायचा नसतो. त्यांनी ते उचलले, पुसले, पुन्हा हलकेच टेकविले. ते आत गेले नाही. नगाच्या कडेवर त्यांचा स्वतःचा सात स्पष्ट दिसत होता.

बाहेर कुठेतरी तोफ वाजली. इथे तो आवाज फार जवळचा होता. टेबल हलले, पेट्यांतले नग एकमेकांवर किणकिणले.

"बाद," नाना म्हणाले आणि त्यांनी तो नग तांबड्या ट्रेमध्ये ठेवला. आवाज शांत होईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी आठवा उचलला.